टर्बोचं बटण

कम्प्युटरला पूर्ण वेग आला, तर जयप्रकाश वैशंपायनांची रविवारी दुप्पट स्थळं उरकणार होती. नेरूळच्या फ्लॅटवर त्यांचं वधूवर मंडळ होतं. दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवून ते मशीनवर पत्रिका जुळवत.

“काका, शंभर मेगाहर्ट्झचा प्रोसेसर तेहतीसवर चालतोय. हे टर्बोचं, म्हणजे वेग वाढवायचं बटण कोणीतरी बंद केलंय,” कैफ मेकॅनिक म्हणाला.

“इथे कोणाला वेळ आहे बटणं दाबायला!”

त्यांच्या पत्नी मीनाताई चहा गाळत राहिल्या. मशीन आकडेमोड करी तेवढ्या वेळात मुलामुलीला गॅलरीत बोलायला त्याच पाठवत.

“टेन्शन नको. आतून वायर जोडतो. मग कोणी बटण दाबलं तरी वेग कमी होणार नाही.”

पुढच्या रविवारी मंडळी आली ती त्यांच्याच मुलीला, सईला बघायला. मीनाताईंनी जाता जाता बटण दाबून पाहिलं. सई आणि तो मुलगा गॅलरीच्या दारापर्यंत पोचले, तोच प्रिंटर वाजला.

“छत्तीसपैकी एकतीस! या, पेढे घ्या!” जयप्रकाशांनी हाक मारली.

दोघं परत येऊन बसले.

पाहुणे गेल्यावर मीनाताईंनी विचारलं, “काही विचारायचं होतं का गं त्याला?”

“होतं,” सई म्हणाली. “पण आता ठरलं ना.”

दुरुस्तीचे पैसे जयप्रकाशांनी दिले होते. बाकीची किंमत सईने मोजली.