फुगवटा
“ठोकून ठोकून भिंत पाडतीया का काय ही बया!” सासू वृषालीच्या कानाशी पुटपुटली. दगडी घरं तपासायला आलेल्या इंजिनीअरबाईंनी कॅलेंडर काढलं, तसा भिंतीचा फुगवटा दिसला. हातोडी मारताच आवाज पोकळ आला. वृषालीचा तळहात तिथं गेला. दगड गार होता, तरी आतून लाथ बसेल म्हणून ती वाट बघत राहिली. मुळशीत अशा भिंतीला ‘पोट आलंय’ म्हणतात. पण वृषाली दवाखान्यातून रिकामी परतल्यापासून घरात ‘पोट’ म्हणायची चोरी. मग भिंतीचं कोण बोलणार? सासूनं फुगवट्यावर कॅलेंडर टांगलं होतं. “आतले-बाहेरले दगडांचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटलेत,” बाई म्हणाल्या. “आरपार गज घालून सांधू, पण हे कधीपासून वाढतंय?” “पावसानं सुजलीय,” सासूनं सारवासारव केली. “खरं सांगा, नाहीतर भिंत अंगावर येईल!” बाईंनी दटावलं. “भिंतीला पोट आलंय, ताई,” वृषाली म्हणाली. “माझं बाळ पोटात मेलं तवापासून.”