सीटखालचा खटका

"छतावरचं सोलर बर्फाखाली गेलं, कबूल. पण इंजिन चालू असूनही मागची बॅटरी चार्ज का होत नाही?" ते वैतागून म्हणाले. स्पितीचा रस्ता बर्फानं बंद होता आणि त्यांच्या मोटरहोममधला हीटर त्याच बॅटरीवर चालायचा.

त्यांनी वायरी हलवल्या, फ्यूज बदलला. चार्जिंगचा दिवा लालच. शेवटी ते बायकोशेजारी मटकन बसले. "हरलो बुवा. रस्ता उघडला की ही गाडी विकू आणि साताऱ्याला परत जाऊ."

ते निवृत्त झाल्यापासून, या चाकांवरच्या संसारात, ती याच वाक्याची वाट पाहत होती. आणि तेवढ्यात तिला आठवलं. बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची तिची जुनी सवय. काल देवळात जाताना तिनं मागची बॅटरी इंजिनला जोडणारा सीटखालचा मोठा खटकाही बंद केला होता.

खटक्याकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. ते मात्र निळ्या पडलेल्या बोटांनी स्वतःची शाल तिच्या पायांवर पांघरत होते.

शाल सारखी करायच्या निमित्तानं तिनं वाकून हळूच खटका दाबला. दिवा हिरवा झाला, हीटर घुमू लागला.

"बघ, फ्यूजच होता!" ते हरखून ओरडले. "आता साताऱ्याचं नाव काढू नकोस. रस्ता उघडला की थेट लडाख!"