वाढदिवसाचा फ्लेक्स

सोनाळ्याच्या पोरी फुटबॉल खेळतात हे जिल्ह्याला कळावं म्हणून मी वर्षभर त्यांचे फोटो फेसबुकवर टाकले. गोलकीपर महामायाचा झेप घेतलेला फोटो पुढारी भाऊसाहेबांना आवडला. त्यांनी तो स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर छापला. फक्त चेंडूच्या जागी स्वतःचं डोकं लावलं. आज जिल्हा संघाच्या निवडीसाठी प्रशिक्षक आले, तर मैदानात गोलपोस्टच नव्हते. फ्लेक्स बांधायला खांब हवे म्हणून कार्यकर्त्यांनी ते उपटून एसटी स्टँडवर रोवले होते. मी धावत तिथं गेलो आणि ओरडून खांब परत मागितले. "काऊन बोंबलून राह्यला बे?" भाऊसाहेब हसले. "पोरीले फेमस केलं ना आपण!" परतलो, तेव्हा प्रशिक्षक जीपमध्ये चढत म्हणाले, "गोलपोस्टशिवाय गोलकीपरची परीक्षा कशी घेऊ?" मी सवयीनं कॅमेरा उचलला. महामायानं हातमोजा लेन्सवर ठेवला. "राहू द्या दादा, आता माहा फोटो काढू नका." दिवसभरात तिनं तेवढंच अडवलं.