केसभर टायमिंग

या, असे जवळ सरका. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही, आणि लांबलचकही नाही. हातातला चहा निवायच्या आत संपेल.

तर पत्र्याच्या एका शेडमध्ये रॅलीची जुनी गाडी रोलरवर चढवली होती. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती, पुढे बॉनेट उघडं, आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेला मेस्त्री. स्टिअरिंगवर त्याचा मेव्हणा. दारात चहाची किटली घेऊन उभी होती ती एकाची बायको, दुसऱ्याची बहीण.

गाडी भावाला जवळपास फुकटात मिळाली होती. मग सुरू झालं नालासाठी घोडे घेणं. जोर वाढवायला नवे पिस्टन घातले, तर जुना क्रँक टिकेना. क्रँक आणला, तर गिअरबॉक्सने मान टाकली. तो नीट केला तोवर क्लच, मग मागचा एक्सल. एकाला बळ द्यावं, तर शेजारचा आजारी पडे. या औषधपाण्यात भावाचा माल वाहायचा टेम्पो गेला, ज्याच्यावर घर चालत होतं. वहिनीचे दागिनेही गेले. आता परवाच्या शर्यतीत गाडी पळाली, तरच पुढचं काही होतं.

"दाजी, इंजिनाच्या ताकदीत अजून थोडे घोडे निघतील का? घाट चढायचाय," भावाने इंजिन हळू करून विचारलं.

मेस्त्री त्याच्या ओठांकडे बघत होता. "निघतील की! तुझ्या बहिणीला नांदवलंय मी. तुझे घोडे काय अवघड?"

"ताई, ऐकलंस?"

"ऐकलं. पण त्या घोड्यांच्या दाण्याला आता काय विकणार, तेही ठरवा दोघं," ती म्हणाली. तिघंही हसले. मग भावाचंच हसू आधी थांबलं.

मेस्त्रीचा मीटरवर विश्वास नव्हता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकत ऐकत ठिणगी पडायचं टायमिंग जुळवायचं, ही त्याची रीत. गावोगावचे लोक त्याच्याकडे येत ते या कानासाठी. त्याने डोळे मिटले, एका हाताने टायमिंग केसभर पुढे सरकवलं. भावाने पाय दाबला. शेडचे पत्रे थरथरू लागले.

आणि तिला ते ऐकू आलं. त्या गर्जनेच्या पोटात, कुणी ताटात वाळूचे खडे टाकावेत तसं. बारीक, कोरडं.

नॉकिंग.

लग्न होऊन आली तेव्हा मेस्त्रीनेच तिला या दारात उभं करून तो आवाज ओळखायला शिकवला होता. "हा आला की हात आखडायचा. नाहीतर पिस्टन कुरतडला जातो." हौसेने शिकवलं होतं, दुसरा कुणी नव्या नवरीला गाणं शिकवेल तसं.

मेस्त्रीचा चेहरा मात्र शांत होता. भजनात रंगलेल्या माणसाचे मिटावेत, तसे डोळे मिटलेले.

हल्ली गॅसवर कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी त्याला पत्ता नसे, हे तिने केव्हाच पाहिलं होतं. त्यालाही ते ठाऊक असावं. जन्मभर अशा इंजिनांना कान लावले, त्यांनी आपला वाटा घेतला. यावर घरात कुणी बोललं नव्हतं. देवाने दिलेलं देव परत नेतोय, त्याची दवंडी काय पिटायची?

आत्ता ऐकेल, तिला वाटलं. आत्ता हात मागे घेईल. सख्ख्या मेव्हण्यासमोर त्याला कसं खाली बघायला लावायचं?

मेस्त्रीने टायमिंग आणखी केसभर पुढे नेलं आणि अंगठा वर केला. भावाने पाय आणखी दाबला.

खडे वाजायचे थांबले. हातोडी वाजू लागली.

"बंद कर!" ती ओरडली. किटली हातून सुटली. "अरे, बंद कर!"

भावाने किल्ली फिरवली. चाकं फिरत फिरत थांबली.

"का रे बंद केलंस?" मेस्त्री वर बघत म्हणाला. "काय सुरेख गात होतं!"

त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग फडकं घेऊन इंजिनाचा एक तापलेला स्पार्क प्लग सोडवला आणि उजेडाकडे धरला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चांदीसारखे चमकते कण चिकटले होते. पिस्टनचे.

"कधीपासून वाजत होतं?" त्याने तिला विचारलं. शेडमध्ये शांतता होती, तरी मोठ्याने.

"पहिल्यांदा सरकवलंत, तेव्हापासून."

तो प्लग पुसत राहिला. पुसून जाण्यासारखं ते नव्हतं.

भाऊ गाडीतून उतरला. त्याने प्लग पाहिला, दाजीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. कुणाला ऐकू आलं नाही आणि कुणाला आलं, दोन्ही त्याला कळलं. तो सांडलेला चहा ओलांडून दाराशी आला आणि मेस्त्रीकडे पाठ करून हळूच म्हणाला,

"त्यांचे कान गेले, त्यांचा काय दोष? तुझे तर होते ना, ताई?"

आणि तो गेला.

"काय म्हणाला गं?" मेस्त्रीने विचारलं.

तिने वाकून किटली उचलली, तिचं झाकण शोधलं, ते नीट बसवलं.

"म्हणाला, असू द्या दाजी. पुन्हा बांधू."

झाली गोष्ट. आता एवढंच करा, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बाईची आठवण ठेवा. ती अजून त्या दोघांच्या मधे उभी आहे.