सातव्या पिंजऱ्यातले उंदीर

सातव्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या आतड्यांत एकही जंत सापडला नाही, तेव्हा गौतमी हरखून गेली. तिनेच त्यांना जंतांची अंडी पाजली होती, आणि त्यांच्या शरीरांनी ते जंत आपल्या बळावर हुसकून लावले होते. तीन वर्षांच्या प्रबंधाला फळ आलं होतं.

उंदरांची देखभाल करणारे केरबामामा दारात घुटमळत होते. "ताई, त्यांचे हाल बघवेनात. मीच पाण्यातून जंताचं औषध दिलं."

गौतमीने हातातली नोंदवही मिटली. "गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं नसतं, मामा. नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. तुमचा प्रबंध खोटा ठरला असता."

गौतमीने त्या पिंजऱ्याच्या नोंदींवर काट मारली आणि नवे उंदीर मागवायचा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'देखरेखीत माझी चूक झाली.'