डाव्या हातातलं घड्याळ

घड्याळ चालू होतं, हीच पंचाईत होती.

वडिलांनी ते उजव्या हाताने कानाशी धरलं. "चालतंय," ते म्हणाले. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा डावा हात लुळा पडला होता; जिभेची धार मात्र कायम होती. तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी येऊन त्यांना तासही झाला नव्हता. चहा नको, पाणी नको, आधी घड्याळ हवं होतं. ड्रॉवर उघडून ते काढून देतानाच मुलाला आपली चूक कळली.

कारण घड्याळ ऑटोमॅटिक. त्याला सेल नाही, रोज किल्ली द्यायची भानगड नाही. घालणाऱ्याचा हात हलत राहिला की किल्ली आपोआप बसते, आणि हातातून काढून ठेवलं की दोन दिवसांत ते मान टाकतं. वडिलांच्या हातातून ते झटका आला त्याच दिवशी नर्सने काढून मुलाकडे दिलं होतं.

"मीच हलवत होते रोज," आई दारातून म्हणाली. "बंद पडून खराब व्हायला नको म्हणून."

"तू? तुझ्याच्याने कधी कॅलेंडरचं पान उलटलं गेलं नाही."

मुलगा मध्ये पडला. "बाबा, हल्ली मशीन मिळतं. घड्याळ त्यात अडकवून ठेवायचं, ते आपलं गोल गोल फिरवत राहतं. छोटंसंच असतं, आवाजही फारसा नाही. आणतो एक." खोटं लपवायचं असलं की त्याला तपशील फार सुचत.

"दहा घड्याळं असणाऱ्यांचे चोचले ते. एका घड्याळाला कशाला मशीन? बंद पडलं तर पडू दे. वेळ लावली, हातात घातलं, की चालतं."

बोलता बोलता ते पट्टा निरखत होते. सगळा जन्म स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात गेलेला. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांच्या नेहमीच्या भोकापाशी जुनी, काळी पडलेली घडी होती. आणि दोन भोकं सोडून, जाड मनगटाला पुरेल अशा जागी, एक नवी घडी पडली होती.

त्यांनी मुलाच्या मनगटाकडे पाहिलं. मुलाने हात मागे घेतला, आणि घेतल्यावर त्याला कळलं की तो घ्यायला नको होता.

हरवू नये म्हणून त्याने पहिल्या दिवशी ते घातलं, हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक त्याला 'मालक' म्हणालं, हेही खरं. इतकी वर्षं तो त्याच काउंटरमागे उभा होता, पण कुणी त्याला मालक म्हटलं नव्हतं. मग घड्याळ काढवेना. बाबा बरे व्हावेत असं त्याला अगदी मनापासून वाटे, आणि लगेच दुकानात येऊ नयेत असंही वाटे. त्याची त्याला लाज वाटत होती. आज सकाळी घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं की झालं, असं तो समजला. ते अजून दोन दिवस चालणार, हे त्या गडबडीत त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"दुकानातल्या माझ्या खुर्चीवरही बसलास?" वडिलांनी विचारलं.

"बसलो," तो म्हणाला.

"कशी आहे?"

"जरा उंच आहे."

वडील हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पुढे केलं. "बांध."

"उजव्या हातात बांधतो. तो हलतो, म्हणजे चालू राहील."

"डाव्या."

"बाबा, तिथे ते बंद पडेल."

"डाव्या म्हटलं ना."

मुलाने बांधलं. जुन्या भोकातही पट्टा सैल होत होता; त्याने तो आणखी एक भोक आत घेतला. हात चादरीवर पडून राहिला. आई दारातून हलली नव्हती.

मग वडिलांनी उजव्या हाताने आपलं डावं मनगट धरलं, उचलून छातीपर्यंत आणलं आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. कपाळावर घाम आला तरी ते थांबेनात. मुलाला पुढे व्हावंसं वाटत होतं आणि पुढे व्हायची हिंमत होत नव्हती.

शेवटी उजव्या हाताने तो उचलवेना. त्यांनी डावा हात ओढत ओढत पलंगाच्या कडेपर्यंत, मुलाच्या पुढ्यात आणून ठेवला.

"दमलो. आता तू हलव," ते म्हणाले. "काढू नकोस मात्र."