मुका मार

बाईंचा तळहात पूर्ण वळला. आधी छताकडे, मग जमिनीकडे, कुठेही न अडखळता. फिजिओथेरपिस्टनं मनगट दाबून पाहिलं आणि आता यायची गरज नाही म्हणून सांगितलं. सोमवारपासून फळ्यावर लिहायलाही हरकत नव्हती. नेमून दिलेला व्यायाम इतक्या इमानदारीनं करणारी माणसं कमीच भेटतात, असंही ती कौतुकानं म्हणाली. बाई गणिताच्या शिक्षिका, गृहपाठ चुकवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. एरवी त्या फुलून गेल्या असत्या. पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

दाराबाहेरच्या बाकावर मावशी बसल्या होत्या, बाईंची पिशवी मांडीवर घेऊन. मावशी म्हणजे त्यांच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या.

दोघी एकदमच पडल्या होत्या. इमारतीचा जिना नुकताच पुसलेला होता. बाईंचा पाय सटकला, त्यांनी शेजारून उतरणाऱ्या मावशींचा दंड धरला आणि त्यांनाही घेऊन खाली आल्या. सगळी इमारत गोळा झाली ती बाईंभोवती. कुणी पाणी आणलं, कुणी गाडी काढली. मावशी आपल्या आपण उठल्या आणि मनगट चोळत म्हणाल्या, मुका मार आहे, जाईल. बाईंच्या हाताला प्लास्टर लागलं. ते निघाल्यावर इथे यावं लागलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सोबतीला मावशीच.

मार काही गेला नाही. मावशी बादली डाव्या हातानं उचलू लागल्या. कपडे पिळताना ओठ घट्ट मिटून घेऊ लागल्या. बाईंच्या नजरेतून हे सुटलं होतं असं नाही. वर्गातली शेवटच्या बाकावरची चुळबुळही टिपणारी ती नजर. त्यांनी मलमाची एक ट्यूब आणून दिली. मग एकदा मावशींनी सकाळची सुट्टी मागितली. सरकारी दवाखान्यात रांग लावायची तर अख्खी सकाळ मोडते, बाकीच्या घरांना कसंबसं राजी करून आलेय, असं म्हणाल्या.

"माझं एवढं होऊ दे," बाई म्हणाल्या होत्या, "मग खुशाल जा."

आपल्याला साधं पातेलं उचलता येत नाही, त्यात मावशींच्याही हाताला प्लास्टर लागलं तर घराचं कसं व्हायचं? हा विचार तेव्हा त्यांच्या मनात अगदी स्वच्छ शब्दांत आला होता. त्यांनी तो लगेच झटकला. सुट्टी मात्र दिली नाही. मावशींनीही पुन्हा विषय काढला नाही, आणि तेच बाईंना आत कुठेतरी टोचत राहिलं.

आज त्यांनी उठून दार उघडलं आणि मावशींना आत बोलावलं. यांचाही हात जरा बघा, म्हणाल्या.

मावशी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या. फिजिओथेरपिस्टनं तळहात वर करायला सांगितलं. तो अर्ध्यावर येऊन थांबला. तिनं तो हलकेच पुढे वळवला, तशा मावशी हसल्या. दुखणं लपवायला माणसं हसतात, तसं. मनगटाशी हाडाचा उंचवटा आला होता. एक्स-रे काढावा लागेल, पण हाड मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळून आलंय, हे तसंही दिसतंय, ती म्हणाली. व्यायामानं दुखणं कमी होईल. पहिल्यासारखा हात बहुतेक नाही व्हायचा.

कपडे पिळता येतील ना, एवढंच मावशींनी विचारलं.

फिजिओथेरपिस्टनं बाईंकडे वळून हे कधी लागलं म्हणून विचारलं. माझ्याबरोबरच, त्याच जिन्यावर, बाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता.

"मग यांना तेव्हाच का नाही आणलंत?"

बाईंची मान वर होईना. ते मावशींच्या लक्षात आलं. बाईंना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

"असं नका म्हणू," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "बाई रोज आणायच्या की मला. मी बाहेर बसायचे."